'द रोड नॉट टेकन' आणि माझी फजिती : इंग्रजीतला सूर ओळखायचा कसा?

पासबुक

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आमच्या शाखेचे मॅनेजर साहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभात चार शब्द बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पक्का मराठी माध्यमवाला, पण भाषणात एखादी इंग्रजी कविता असली की वजन पडतं, म्हणून रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'द रोड नॉट टेकन'च्या शेवटच्या तीन ओळी घोकून गेलो. रानात दोन वाटा फुटल्या, मी कमी वर्दळीची धरली, आणि त्यानंच सगळा फरक पडला. टाळ्या कडाडल्या. साहेबांनी रुमाल काढला. मी कॉलर ताठ करून व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

भाची इंग्रजी घेऊन एमए करतेय. तिचा लगेच मेसेज : "मामा, मस्त बोललास. पण ती कविता प्रेरणादायी नाहीये रे. कवी त्या माणसाची फिरकी घेतोय."

मग मी ती कविता आयुष्यात पहिल्यांदा अख्खी वाचली (कबूल करून टाकतो). नवव्या-दहाव्या ओळीत चक्क लिहिलंय की येण्याजाण्यानं दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच झिजल्या होत्या. मग शेवटी ती 'कमी वर्दळीची' वाट आली कुठून?

माझा प्रश्न असा. मराठीत कुणी टोमणा मारला तर मला अर्ध्या सेकंदात कळतं. इंग्रजी वाचताना शब्द कळतात, वाक्य कळतं, पण लिहिणारा गंभीर आहे की गालात हसतोय ते कळत नाही. साहित्यप्रकार, सूर, वाक्यरचना असं काय काय भाची सांगते. साध्या वाचकानं हे पकडायचं कसं?

चहाबाज

पहिला मी. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. साहेबांना कळलं का अजून?

पासबुक

नाही हो. आणि कळवणारही नाही. त्यांच्या मुलानं त्या ओळी फ्रेम करून हॉलमध्ये लावल्यात.

चहाबाज

अरारारा.

मास्तर_निवृत्त

पासबुक, तुम्ही एकटे नाही. एकतीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, ही फजिती दरवर्षी पाहिली. एकदा एफवायला जोनाथन स्विफ्टचा 'अ मॉडेस्ट प्रपोजल' शिकवत होतो. १७२९ सालचा निबंध. आयर्लंडमधल्या गरिबीवर लेखक एक नम्र सूचना करतो : गरिबांची मुलं एक वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत. किती मुलं, किती भाव, सगळा हिशोब मांडलाय. वर्षाला १ लाख २० हजार मुलं जन्मतात, त्यातली २० हजार पैदाशीसाठी ठेवा, उरलेली १ लाख विकायला काढा. तास संपला तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, मग सरकारनं मंजूर केलं का?"

वर्ग हसला, मी नाही हसलो. कारण त्या पोरानं साहित्यप्रकार बरोबर ओळखला होता. तो मजकूर दिसायला योजनेचा अहवालच आहे. त्या काळात डब्लिन आणि लंडनमध्ये असली पत्रकं ढिगानं निघत, अमुक केलं की देशाची गरिबी हटेल म्हणून. स्विफ्टनं तोच साचा घेतला, तीच कारकुनी वाक्यं घेतली. लांबलचक, पोटवाक्यांची, 'माझ्या अल्प मतीनुसार' छापाची. त्या साच्यात काय ओतलंय एवढंच पाहायचं. मध्येच तो म्हणतो की हे अन्न जरा महाग पडेल, त्यामुळे जमीनदारांना फार शोभेल, कारण आईबापांना तर त्यांनी आधीच खाऊन टाकलंय, मुलांवर पहिला हक्क त्यांचाच. तिथे खरा स्विफ्ट क्षणभर दाराआडून डोकावतो.

सूर शोधायचा तर अशी जागा शोधा, जिथे बोलणाऱ्याचा तोल किंचित ढळतो.

काकडीची_कोशिंबीर

मास्तर, प्रतिसाद आवडला. पण त्या मुलाला पुढे काय सांगितलंत?

मास्तर_निवृत्त

शेवटून दुसरं पान वाचायला लावलं. तिथे स्विफ्टचा माणूस वैतागून म्हणतो, दुसरे उपाय मला कुणी सांगू नका. आणि ते उपाय कोणते? परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर लावा, देशी माल वापरा, जमीनदारांना कुळांवर निदान थोडी दया करायला शिकवा. म्हणजे जे करायला हवं ते सगळं 'नको'च्या यादीत. तो मुलगा म्हणाला, "सर, हे तर आमच्या आजीसारखं आहे. नको नको म्हणत सगळं सांगते." त्याला मी पैकीच्या पैकी दिले असते, पण तेव्हा अंतर्गत गुण नव्हते.

सरळमार्गी

माफ करा, पण मला हे सगळं प्राध्यापकी वाटतं. कोट्यवधी लोकांना फ्रॉस्टची कविता वाचून उभारी मिळते. मग अर्थ त्यांचा खरा की चार समीक्षकांचा? खुसपट काढायचं तर कशातही काढता येतं. उद्या म्हणाल पसायदानही उपरोधिक आहे.

चहाबाज

@सरळमार्गी, काडी टाकून झाली, आता पळा. (हलकेच घ्या.)

ओढाळ

यात समीक्षकांचा संबंध कमी आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याचा जास्त आहे. फ्रॉस्ट १९१२ ते १९१५ इंग्लंडमध्ये होता. तिथे एडवर्ड टॉमस नावाचा लेखक त्याचा जिवलग मित्र झाला. दोघं रानात भटकायचे, आणि टॉमसला खोड अशी की कोणत्याही वाटेनं गेलं तरी परतल्यावर हळहळायचा, त्या दुसऱ्या वाटेनं गेलो असतो तर तुला अमुक फूल दाखवलं असतं. त्याला चिडवायला फ्रॉस्टनं ही कविता लिहिली आणि पाठवली. आणि गंमत म्हणजे टॉमसलाही ती चेष्टा आहे हे पहिल्यांदा कळलं नाही! त्यानं गंभीरपणे घेतली. फ्रॉस्टला पत्रातून समजावावं लागलं.

तर पासबुक, ज्याच्यावर विनोद केला त्या इंग्रज साहित्यिकालाच कळला नाही, तर तुम्ही बँकेत भाषण करताना फसलात यात लाज कसली?

पासबुक

@ओढाळ, हे वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. भाचीला पाठवतो.

निळी_शाई

ओढाळनं पुढचं सांगितलं नाही. टॉमस १९१५ मध्ये सैन्यात भरती झाला आणि ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समध्ये अरासच्या लढाईत मारला गेला. त्याच्या भरतीच्या निर्णयात या कवितेचाही वाटा होता असं काही अभ्यासक मानतात. चेष्टेची कविता, पण एवढं कळल्यावर मला ती चेष्टा म्हणून वाचताच येत नाही. तेव्हा 'फिरकी आहे, संपलं' हे भाचीचं म्हणणंही मला अपुरं वाटतं.

मुक्काम_ग्लॉस्टरशर

फ्रॉस्ट आणि टॉमस जिथे फिरायचे तो भाग माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. रविवारी पायी जातो. इथल्या पाऊलवाटांचं खरं सांगू? जिथे दोन फुटतात तिथे दोन्हीकडे चिखल तेवढाच असतो. कवितेतली नववी-दहावी ओळ मी बुटांनी तपासली आहे.

अनुस्वार

मूळ प्रश्न आहे तो मराठी वाचकाला सूर का चकवतो हा. माझा अंदाज सांगते, मी भाषांतरं करते त्यावरून. आपण सूर छोट्या छोट्या शब्दांत ठेवतो. च, की, म्हणे, बरं का, हो. "हुशार आहे" आणि "हुशार आहे म्हणे" यात आभाळाएवढं अंतर. "या, आलात?" आणि "या या, आलात एकदाचे!" वाचकाला शोधायला जावं लागत नाही, 'म्हणे' हातात टॉर्च घेऊन उभा असतो. लिखित इंग्रजीत असले टॉर्चवाले फार थोडे. तिथे तेच काम शब्दांच्या क्रमावर पडतं. कोणती गोष्ट आधी सांगितली, कोणती वाक्याच्या शेपटाला ठेवली.

उदाहरण जेन ऑस्टिनचं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस', १८१३, पहिलं वाक्य. सुरुवात अशी की जणू न्यूटनचा नियम येतोय : सर्व जगाला मान्य असलेलं एक सत्य आहे की... आणि शेवटच्या शब्दावर धपकन बायको. मी मराठी करून बघितलं :

"भरपूर पैसा असलेल्या अविवाहित पुरुषाला बायकोची गरज असतेच, हे जगमान्य सत्य आहे."

व्याकरण चोख, विनोद मेला. कारण आपलं वाक्य 'सत्य आहे'वर जाऊन बसलं. बायको मधल्या बाकावर, कुणाचं लक्षच नाही. विवाहमंडळाच्या वार्षिक अहवालाचं पहिलं वाक्य वाटतं.

काकडीची_कोशिंबीर

"पैसेवाला सडाफटिंग दिसला, की त्याला बायको हवीच म्हणे!" कसं वाटतंय?

अनुस्वार

@काकडी, वाचायला झकास, पण 'म्हणे'नं डोळा मारला. ऑस्टिन डोळा मारत नाही. चेहरा इस्त्री केल्यासारखा ठेवते आणि डोळा मारायचं काम दुसऱ्या वाक्यावर सोडते. तिथे कळतं की शेजारीपाजारी त्या नव्या माणसाला आपल्या कुठल्या ना कुठल्या मुलीची हक्काची मालमत्ता समजतात. म्हणजे बायको हवीये ती त्याला नाही, जावई हवाय तो यांना.

पासबुक

"हे सत्य तर साऱ्या जगाला मान्य आहे, की गाठीला बक्कळ पैसा असलेल्या सड्या पुरुषाला हवी असते ती बायको." माझा प्रयत्न. हसू नका.

अनुस्वार

हसणार कशाला, उत्तम आहे! 'की' वापरून बायकोला शेवटी नेलंत. फक्त 'तर' काढा. बघा, सूर कळत नाही म्हणता आणि वाक्याचं शेपूट बरोबर धरलंत.

टूबीएचके

"हे सत्य साऱ्या पुण्याला मान्य आहे, की कोथरूडात स्वतःचा फ्लॅट असलेल्या मुलाला हवी असते ती..." पार्किंगची जागा.

चहाबाज

धागा इथेच संपला. टूबीएचके जिंकले.

सरळमार्गी

हे मान्य, हे आवडलं. पण ऑस्टिन विनोदीच लिहायची हे आधी माहीत असतं म्हणून तुम्ही हसता. कोऱ्या पाटीनं वाचणाऱ्याचं काय?

मास्तर_निवृत्त

@सरळमार्गी, हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर एका माणसाला फार महागात पडलं. डॅनिएल डीफो, रॉबिन्सन क्रूसोवाला. १७०२ मध्ये त्यानं एक निनावी पत्रक काढलं. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथीयांचा नायनाट करा अशी मागणी, कट्टर धर्मगुरूंच्या भाषेत. हेतू हा की वाचणाऱ्याला त्या भाषेची किळस यावी. डीफो स्वतः त्याच पंथीयांपैकी. पण नक्कल इतकी हुबेहूब उतरली की कट्टर मंडळींनी खरी समजून डोक्यावर घेतली, आणि भांडं फुटल्यावर सरकारनं त्याला पकडून १७०३ च्या जुलैत तीन दिवस भर चौकात खोड्यात उभं केलं. ऑस्टिननं दुसऱ्या वाक्याची सोय ठेवली, स्विफ्टनं 'नको'ची यादी ठेवली. डीफोनं वाचकाला हात धरायला काहीच ठेवलं नाही.

म्हणजे कोऱ्या पाटीचा वाचक चुकतो यात त्याचाच दोष असतो असं नाही.

नववी_ब_ची_आई

आमच्याकडे उलटी तऱ्हा. हीच फ्रॉस्टची कविता मुलीला नववीच्या 'बीहाइव्ह' या इंग्रजीच्या पुस्तकात होती. कवितेचा टोन ओळखा, एक गुण. तिनं 'आयरॉनिक', म्हणजे उपरोधिक, लिहिलं. बाईंनी लाल फुली मारून 'रिफ्लेक्टिव्ह', म्हणजे चिंतनशील, केलं. मी शाळेत गेले नाही, कारण मलाही तेव्हा 'रिफ्लेक्टिव्ह'च वाटलं होतं. आज हा धागा तिला दाखवला. तिनं माझ्याकडे जसं बघितलं त्याचा टोन मला लगेच कळला.

टूबीएचके

'रिफ्लेक्टिव्ह' हे टोनमधलं पॅरासिटामॉल आहे. काहीही होत असेल, देऊन टाका.

जुनेपुराणे

अवांतर होतंय पण राहवत नाही. मास्तर साच्याबद्दल बोलले म्हणून आठवलं. आपल्याकडे एका इंग्रजानंच हे करून ठेवलंय. फादर थॉमस स्टीफन्स, गोव्यातला जेझुइट, 'क्रिस्तपुराण', १६१६. बायबलची कथा, आदम-हव्वेपासून. पण सांगायची कशी? त्यानं पाहिलं की इथल्या माणसाला देवाची कथा पुराणात ऐकायची सवय आहे, म्हणून त्यानं पुराण लिहिलं, तेही मराठीत, ओवीत. साहित्यप्रकार बदलला की ऐकणारा कान टवकारून बसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि तीच आदमाच्या पतनाची कथा मिल्टननं इंग्रजीत 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये सांगितली १६६७ मध्ये. आपली मराठी ५१ वर्षं आधी.

अनुस्वार

@जुनेपुराणे, अवांतर कसलं, मुद्द्यावरच आहात. मिल्टनचं पहिलं वाक्य आठवा. माणसाची पहिली आज्ञाभंगाची गोष्ट, ते फळ, ते मरण, ते दुःख, ते हरवलेलं नंदनवन, असं सांगत सांगत पाच ओळी जातात आणि क्रियापद येतं सहाव्या ओळीत : गा, हे देवते. इंग्रजी मुलं इथे दमतात, कारण त्यांना कर्त्यामागोमाग क्रियापद लागतं. मला कॉलेजात हे वाक्य मुळीच अवघड गेलं नाही. आपण रोज असंच बोलतो, सगळं सामान आधी गाडीत भरायचं आणि क्रियापदाची किल्ली शेवटी फिरवायची. सहा ओळी थांबणं म्हणजे काय मोठंसं?

उलट डिकन्सनं मला चकवलं. 'ब्लीक हाउस'ची सुरुवात : लंडन. पूर्णविराम. मग धुकं इकडे, धुकं तिकडे, मुख्य क्रियापदाचा पत्ताच नाही. बाईंनी सांगितलं, काय हा धाडसी प्रयोग, सगळं गोठल्यासारखं वाटतं. मला कळेना धाडस कसलं, कारण "सगळीकडे धुकं" हे आपलं रोजचं वाक्य आहे. ज्या भाषेत 'आहे' गाळला तरी चालतं तिच्या माणसाला तो गाळल्याचा धक्का बसत नाही. तिथे मला धक्का मुद्दाम आठवून बसवून घ्यावा लागला.

ओढाळ

वा. म्हणजे मिल्टन सोपा आणि डिकन्स अवघड. हे कुठल्या गाईडात नसेल.

मुक्काम_ग्लॉस्टरशर

आणखी एक जागा, माझ्या अनुभवातली. इंग्रजी कादंबरीत पात्राच्या मनातलं लेखक आपल्याच आवाजात सांगतो, तिथे मी वर्षानुवर्षं गंडत होतो. मराठीत "तिनं ठरवलं, उद्या जायचंच" असं येतं, जायचंय ते तिला हे उघड. इंग्रजीत तिनं ठरवलं वगैरे काही नाही, क्रियापद भूतकाळी रूपात सरकलेलं आणि शेजारी 'उद्या' हा शब्द तसाच. काल आणि उद्या एका वाक्यात नांदायला लागले की समजायचं, आपण पात्राच्या डोक्यात शिरलोय, आणि आता जे मत येतंय ते पात्राचं आहे, लेखकाचं नाही. ऑस्टिनची 'एमा' अशी वाचली नाही तर सगळीच फसते. एमाला जे पक्कं वाटतं ते आपणही पक्कं धरून बसतो, आणि तिच्याबरोबर तोंडघशी पडतो.

चहाबाज

एक मूलभूत शंका. भाची 'साहित्यप्रकार'साठी तो इंग्रजी शब्द कसा उच्चारते? जेनर, जॉनर की झाँर?

टूबीएचके

आमचे सर 'जनरे' म्हणायचे. आम्हाला वाटायचं कुणाचं तरी आडनाव आहे.

निळी_शाई

जनरेंचा साहित्यप्रकार बाजूला ठेवून परत फ्रॉस्टकडे येऊ का? पासबुकनी शेवटच्या तीन ओळी पाठ केल्या म्हणतात. त्या मोठ्यानं म्हणून बघा, पण ओळ जिथे तुटते तिथे थांबून. "दोन वाटा फुटल्या रानात, आणि मी", मग एक आडवी रेघ, ओळ संपते, आणि नवी ओळ पुन्हा 'मी'नं सुरू. हा दोनदा 'मी' कशाला? आणि मधली ती रेघ?

मला वाटतं तिथे तो माणूस क्षणभर अडखळतो. म्हातारपणी आपण लोकांना काय सांगणार आहोत याची तो कडव्यात तालीम करतोय. "उसासा टाकत सांगेन" असं तो स्वतःच म्हणतो. मी... आता काय बरं सांगावं... मी कमी वर्दळीची धरली. वाटा सारख्या होत्या हे त्याला आठवतंय, आपल्यालाही आठवतंय. त्या रेघेत गोष्ट बनते.

आणि उलटं टोक बघा. पहिलं वाक्य बारा ओळी चालतं. स्वल्पविराम, अर्धविराम, आणि, आणि, तरी पण, पूर्णविराम लवकर येतच नाही. चौकात उभं राहून इकडे जाऊ की तिकडे करणाऱ्या माणसाचं वाक्य आहे ते.

सरळमार्गी

कविता पुन्हा वाचली. रेघ बघितली. मी आधी म्हणालो होतो समीक्षक खुसपट काढतात. ती रेघ समीक्षकांनी घातलेली नाही एवढं मान्य. पण मला अजूनही त्यात टिंगल दिसत नाही. आपण सगळेच नंतर असंच सांगतो की.

निळी_शाई

@सरळमार्गी, हाताला हात. मी वर 'अपुरं' म्हणाले ते हेच.

मास्तर_निवृत्त

सरळमार्गी, तो मागच्या बाकावरचा मुलगा तुम्हीच तर नव्हेत ना? (हलकेच घ्या.)

पासबुक

मंडळी, धागा इतका वाढेल वाटलं नव्हतं. अपडेट देतो. काल साहेबांचा फोन आला, पेन्शनच्या कागदांबद्दल. राहवलं नाही, सांगून टाकलं. म्हटलं साहेब, त्या फ्रेममधल्या कवितेत दोन्ही वाटा सारख्याच होत्या, कमी वर्दळ वगैरे तो माणूस नंतर ठरवून सांगतो.

साहेब थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, मी तीस वर्षं सगळ्यांना सांगतो ना, रेल्वे सोडून मुद्दाम बँक निवडली म्हणून? रेल्वेचं पत्र पोस्टात अडकलं होतं. बँकेत हजर झालो आणि आठ दिवसांनी हातात पडलं."

फ्रेम काढणार का विचारलं. म्हणाले, "आता तर मुळीच नाही."

निळी_शाई

सांगताना उसासा टाकला का त्यांनी?

पासबुक

चहा पीत होते. फुर्र ऐकू आलं, उसासा असेल तर त्यात मिसळला.